केंड

तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. हिरवट निळं पाणी, मधोमध मी, तोंडात रबराची नळी, काचेआडचे डोळे वटारलेले, आणि माझ्या दोन्ही हातांच्या ओंजळीत एक गोल चेंडू. पाठीवर ठिपके, पोट पांढरंफटक, त्यावर बारीक खरखरीत काटे उभे राहिलेले. चेंडूला दोन डोळे आहेत. फोटो मोठा करून पाहिला की ते डोळे दिसतात, आणि म्हणूनच मी तो मोठा करून पाहणं आता सोडलं आहे.

मार्चमधला रविवार होता. पुण्याहून आलेल्या भाचीनं हट्ट धरला म्हणून आम्ही बोगमाळोहून होडीनं ग्रँड आयलंडला गेलो, आणि वयाच्या 49 व्या वर्षी मी पहिल्यांदा समुद्राच्या पोटात शिरले. खाली सात-आठ मीटरवर, मला धरून नेणाऱ्या पोरानं एका खडकाच्या बुडाशी हात घातला आणि एक मासा अलगद बाहेर काढला. बोटांनी त्याच्या पोटाला गुदगुल्या केल्यासारखं केलं. मासा पाहता पाहता फुगत गेला, दुप्पट झाला, तिप्पट झाला. पोरानं तो माझ्या ओंजळीत ठेवला, हाताच्या खुणेनं 'छान?' विचारलं, मीही अंगठ्याला तर्जनी टेकवून 'छान' म्हटलं, आणि त्याच्या सोबत्यानं फोटो काढला. मग मासा परत त्याच्या हातात गेला आणि त्यानं तो हलकेच ढकलून दिला. तो कुशीवर कलंडला. इवलेइवले पर जीव खाऊन हलत होते, पण अंग काही पुढं सरकत नव्हतं. पंख्याची पाती फिरत राहावीत आणि वाराच येऊ नये, तसं. आम्ही पुढं गेलो. सगळं मिळून वीसेक सेकंदांचं काम.

संध्याकाळी तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत लाल बदामांचा पाऊस पडला. धाकट्या जावेनं लिहिलं, 'वहिनी, कसला गोड आहे हो!' मी तेव्हा बांगड्यांचं हुमण करत होते. हात ओले होते. उत्तर द्यायला फोन उचलला आणि काय लिहावं ते सुचेना.

तो मासा मी ओळखला होता. पाण्याखाली, त्या क्षणीच ओळखला होता. केंड.

मी मोरजीची. शापोरा नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी आमचं घर होतं, म्हणजे अजून आहे, पण आता तिथं कुणी राहत नाही. लहानपणी सकाळी रापण लागली की आम्ही पोरं शाळा विसरायचो. होडी अर्धवर्तुळ घेऊन जाळं टाकून यायची, मग दोन्ही टोकांचे दोर धरून पंचवीस-तीस माणसं वाळूत टाचा रोवून ओढायची. तो ओढण्याचा ठेका, दोराचा काथ्या ओला झाला की येणारा वास, आणि शेवटच्या दहा हातांत पाण्याला फुटणारी चांदी, हे अजून डोळे मिटले की समोर येतं. तारले, पेडवे, बांगडे, मधेच माणक्या. बायका पाट्या घेऊन बसलेल्या. भाव, भांडणं, हसणं. आणि या सगळ्याच्या कडेला, जाळ्यातून काढून वाळूत भिरकावलेले केंड.

केंडावर कुणाचंच प्रेम नव्हतं. त्याचे दात असे की जाळं कापतो, आणि जाळं विणायला किती रात्री लागतात ते रापणकारालाच ठाऊक. खायचा तर प्रश्नच नाही, विषारी. मांजरही हुंगून बाजूला होतं. मग उरलो आम्ही. काठीनं पोटाला डिवचलं की तो हवा गिळून टम्म फुगायचा, दात कराकरा वाजवायचा, आणि आम्ही त्याचा फुटबॉल करायचो. मी मुलगी असले तरी माझी लाथ जोरात बसायची, आणि त्याचा मला अभिमान होता. कधी एखादा फुटायचा. फुटल्याचा आवाज मोठा नसायचा. आम्हाला वाटायचं तेवढा तर मुळीच नसायचा, त्यामुळे थोडी निराशाच व्हायची.

एकदा आजी तारल्यांची पाटी डोक्यावर घेऊन जाता जाता थांबली. ओरडली नाही. नुसतं म्हणाली, 'ताचो जीव वता आनी तुमचो खेळ जाता.' आणि गेली. मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो, ही म्हण मी नंतर शाळेत शिकले. बाईंनी वाक्यात उपयोग करायला सांगितला तेव्हा मी केंड लिहिला होता. बाई मडगावच्या होत्या, त्यांनी तांबड्या शाईनं खाली प्रश्नचिन्ह काढलं.

म्हणजे मार्चच्या त्या रविवारी माझ्या हातात काय दिलं गेलं, हे त्या होडीतल्या बाराजणांत मला आणि बहुधा त्या पोरालाच कळलं होतं. तरी मी हात पुढं केले.

त्या पोराविषयी सांगायला हवं, कारण त्याच्यावर राग काढून मोकळं होणं फार सोपं आहे आणि ते खरं नाही. विशीतला असेल. देवबागचा, मालवणकडचा. तारकर्लीला पाण्याखाली उतरायला शिकला आणि गोव्यात धंदा जास्त म्हणून इकडं आला. होडीत मी एका कोपऱ्यात गप्प बसले होते. कंबरेला शिशाचे तुकडे अडकवलेला पट्टा, पाठीवर सिलिंडर. बसल्या जागेवरून उठायचं म्हटलं तरी गुडघे नाही म्हणत होते. त्यानं ते ओळखलं. 'काकी, घाबरू नकात, मी आसंय.' मालवणी ऐकली आणि पोटातली गाठ अर्धी सुटली. मग गाव विचारलं, मी मोरजी म्हटलं, तर म्हणाला, 'मगे आमचेच.' तेरेखोलच्या खाडीनं मधे राज्याची हद्द आखली, पण वाळू तीच, मासा तोच, रापण तीच.

खाली उतरताना तीन मीटरवर माझे कान दुखायला लागले. दोन्ही कानांत कुणी अंगठे खुपसावेत तसं. नाक चिमटीत धरून फुंकर मारायची, हे वर शिकवलं होतं, पण ऐन वेळी सगळं विसरलं. श्वास अडकला. या खेळात हाच एक मोठा नियम आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. 10 मीटर खाली पाण्याचा दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथं छातीत भरून घेतलेली हवा रोखून धरली आणि माणूस तसाच वर आला, तर ती हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुसं फाटतात. हे मला माहीत होतं. तरीही भीती वाटली की माणूस पहिल्यांदा श्वासच धरतो. जमिनीवर जन्मभर तेच केलेलं असतं. त्या पोरानं माझा दंड धरला, मला एक मीटर वर आणलं, काचेसमोर काच आणली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून हळूहळू श्वास घेऊन दाखवला. सोडून दाखवला. बुडबुडे वर जाताना दाखवले. मी त्याच्या बरोबरीनं घेत गेले, सोडत गेले. माझ्या मुलाच्या वयाच्या पोरानं त्या दिवशी मला श्वास घ्यायला शिकवलं. हे मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि त्याच पोरानं दहा मिनिटांनी केंड उपसून काढला हेही.

कान मोकळे झाले आणि मग आवाज आला. मला वाटलं होतं, खाली शांतता असेल. सगळे तसंच सांगतात. पण चहूबाजूंनी बारीक तडतड चालू होती. कढईत तेल तापून मोहरी फुटायला लागावी, आणि ती कढई नेमकी कुठं आहे ते कळू नये, तशी. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं धावतो, म्हणून दोन्ही कानांना तो जवळजवळ एकदमच भेटतो आणि दिशा लागत नाही. नंतर कळलं की खडकांच्या फटींत राहणाऱ्या बोटभर कोळंब्या एक नांगी इतक्या जोरानं मिटतात की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, आणि ही तडतड त्या बुडबुड्यांची. सुंगटां मी आयुष्यभर सोलली आहेत. त्यांच्या जातकुळीतलं कुणी एवढं बोलतं, हे ठाऊकच नव्हतं.

दुसरं जाणवलं ते रंगांचं. मनगटाला सातेरीच्या देवळातला लाल दोरा बांधलेला होता. वर होडीत तो कुंकवासारखा होता. खाली गेल्यावर पाहते तर तपकिरी, जवळजवळ काळपट. पाणी आधी लाल रंग पिऊन टाकतं, मग नारिंगी, मग पिवळा. तशीच एक तांबोशी दिसली. ताटात, बाजारात, बर्फावर मी तिला नेहमी तांबडीच पाहिली. इथं ती करडी होती, एका खडकाच्या सावलीत उभी होती आणि शांतपणे माझ्याकडे पाहत होती. तिचं नाव ज्या रंगावरून पडलं तो रंग आपण तिला पाण्याबाहेर काढल्यावर दिसतो, हा विचार मनात आला आणि तिथून हललाच नाही. खाली ती तांबडी नसतेच. म्हणून तर तिथं ती सुरक्षित असते.

मी मासे खाते. हे लिहिताना लपवायचं काहीच नाही, आणि कुणी खाऊ नये असंही मला म्हणायचं नाही. आमच्याकडे सोमवार, श्रावण आणि चतुर्थीचे दिवस सोडले तर हुमणाशिवाय जेवण होत नाही. रापणीत मेलेल्या बांगड्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या बांगड्याभोवती एक अख्खं गाव जगत होतं. साठीच्या दशकात ट्रॉलर आले आणि किनाऱ्यालगतचा तळ खरवडायला लागले, तेव्हा सत्तरीच्या दशकात गोव्याचे रापणकार रस्त्यावर उतरले. त्या लढ्याच्या पाठोपाठ 1980 चा मासेमारी कायदा आला आणि 5 वाव पाण्याच्या आतली पट्टी पारंपरिक मासेमारांसाठी राखली गेली. 5 वाव म्हणजे साधारण 9 मीटर. माझे वडील त्या मोर्च्यांच्या गोष्टी सांगायचे. मी खाली ज्या पाण्यात उभी होते, तेवढंच खोल पाणी. त्या पट्टीसाठी माणसांनी मार खाल्ला, कारण मासा तिथं वाढतो हे त्यांना कुठल्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. मासा मारणारी माणसं समुद्राची निगा राखतात, हे मी घरात पाहिलं आहे.

पण केंड कुणाच्या पोटासाठी उपसला नव्हता. तो फोटोसाठी उपसला होता, आणि तो फोटो माझा होता.

त्या रात्री झोप लागली नाही म्हणून केंडाविषयी वाचत बसले. त्याला बरगड्या नसतात. पोटावरचे पर नसतात. वर दोन, खाली दोन असे चार जुळलेले दात, चोचीसारखे, शिंपले फोडायला. पोहण्यात अगदी मंद, कारण शेपटीवर जोर नसतो, बाजूचे छोटे पर पंख्यासारखे हलवत तो जातो. पळता येत नाही म्हणून त्याच्याकडे दोनच उपाय. एक विष, जे यकृतात आणि अंडाशयात सगळ्यात जास्त असतं. आणि दुसरा हा फुगणं. काही सेकंदांत तो पोटात पाणी भरून घेतो, इतकं की गिळणाऱ्याच्या घशात मावू नये. तो त्याचा शेवटचा उपाय असतो. फुगलेला असताना त्याला पोहता येत नाही. पुन्हा पहिल्यासारखा होऊन त्याच्या श्वासाचा वेग ताळ्यावर यायला पाच-सहा तास लागतात, असं एका अभ्यासात मोजलं आहे. आणि हवेत काढला तर तो पाण्याऐवजी हवा गिळतो, आणि ती हवा त्याला पुष्कळदा बाहेर टाकताच येत नाही.

पाच-सहा तास. म्हणजे आम्ही वर आलो, होडीत कलिंगड खाल्लं, बोगमाळोला परतलो, मी वास्कोला घरी येऊन आंघोळ केली, हुमण टाकलं, जावेचा मेसेज आला, तेव्हाही तो खाली कुठल्या तरी फटीत धापा टाकत होता. आणि त्या दिवशी आमच्यानंतर आणखी दोन होड्या आल्या होत्या.

मोरजीच्या वाळूत हवा गिळलेल्यांचं काय झालं, ते मी पाहिलेलंच होतं.

पुढचे काही महिने मी त्या बेटाचाच विचार करत राहिले. वास्कोतून बायण्याच्या वर चढलं की ते दिसतं, नांगरून पडलेल्या मोठ्या जहाजांच्या मागं, हिरवट कुबडासारखं. इतकी वर्षं ते नुसतं पार्श्वभूमीला होतं, आता नजर आपसूक तिकडं जायची. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी गोव्याच्या या तळातून काय काय वर काढलं आहे! सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले, त्यात हस्तिदंत होते आणि पाणघोड्याचे दात होते. सेंट जॉर्जेस रीफवर 1865 चा ठसा असलेली बासेल मिशनची कौलं मिळाली. आमच्या मोरजीच्या घरावर तसल्याच मंगळुरी कौलांचं छप्पर आहे. पावसाळ्यापूर्वी वडील एकेक कौल उलटून ठसा वाचायचे आणि फुटकं बदलायचे. त्यातलीच एक रास कुणाच्या तरी घरावर चढायला निघाली आणि समुद्राच्या तळाशी जाऊन पडली. आता त्यांच्या पन्हाळीतून मासे जात असतील.

आणि तिथं प्रवाळही आहे. गोव्यात प्रवाळ, असं मी म्हटलं की लोक विश्वास ठेवत नाहीत. लक्षद्वीपसारखा रंगीत बगीचा नाही तो. आमचं पाणी गढूळ. जुवारी, मांडवी पावसात तांबडी माती घेऊन उतरतात. तरीही त्या गढुळात खडकांना धरून गोल गोट्यांसारखे आणि पानं दुमडल्यासारखे दिसणारे प्रवाळ वाढले आहेत, वर्षाला अगदी थोडे थोडे. कठीण प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, वाघाला असतं तसंच. पण होड्यांचे नांगर कुठं पडतात ते वरून दिसत नाही. मी खाली असताना एका पानासारख्या प्रवाळाची कड तुटलेली पाहिली. तुटलेला भाग ताजा पांढरा होता, नारळाची कवड फोडल्यावर असतो तसा. त्यावरून नायलॉनची तुटकी तंगूस लोंबत होती.

या सगळ्याचं काय करावं ते मला कळत नव्हतं. तक्रार करावी तर कुणाची? त्या पोराची? त्याच्या मागं मालक आहे, मालकामागं आमच्यासारखी गिऱ्हाइकं आहेत, आणि त्यांच्यातली एक मी. त्या वेळी मला मोरजीची कासवं आठवली. आमच्या लहानपणी हिवाळ्यात कासवीण वर आली की सकाळी तिच्या पावलांची ट्रॅक्टरसारखी नक्षी शोधत माणसं जायची आणि काठीनं वाळू टोचून अंडी काढायची. ती अंडी मी खाल्ली आहेत. पिंगपाँगच्या चेंडूसारखी, पण साल मऊ, दाबलं की खळगा पडायचा. नव्वदीच्या दशकात गावात घरटी राखायचं काम सुरू झालं, आणि ज्यांना घरटं ओळखता येत होतं तीच माणसं रात्री राखणीला बसली. अंडी कुठं असतात ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. माझे एक चुलते होते. त्यांनी आधी किती अंडी विकली असतील याला हिशेब नाही. पुढं म्हातारपणी पिल्लं बाहेर पडायची रात्र आली की ते कंदील झाकून बसायचे, म्हणजे पिल्लं उजेडाकडे वळायला नकोत. त्यांना कुणी भाषण दिलेलं नव्हतं. एका रात्री त्यांनी पिल्लं पाण्याकडे जाताना पाहिली होती, एवढंच ते सांगायचे.

नोव्हेंबरात मी पुन्हा गेले. या खेपेला एकटी. घरी म्हटलं, पाण्याखाली जाऊन येते. नवऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, 'जाऊन ये.' पावसाळ्यात सगळं बंद होतं. जून आणि जुलै मासेमारीबंदी, आणि पुढंही पाणी निवळेपर्यंत कुणी खाली जात नाही. पाऊस ओसरताना खोल समुद्रातलं प्राणवायू कमी असलेलं थंड पाणी आमच्या किनाऱ्याकडे वर सरकतं. तळातले कितीतरी जीव तेव्हा जागा सोडून जातात, ज्यांना सोडता येत नाही ते सोसतात. केंड सोडून गेला असेल का, हा विचार सप्टेंबरभर माझ्या डोक्यात होता.

पोरगा तोच होता. मी फोनवर तसं विचारूनच गेले होते. ओळखलं त्यानं, 'मोरजेची काकी' म्हणाला. मी घरून शंकरपाळ्या नेल्या होत्या. होडी बेटाकडे निघाली, डोक्यावरून दाबोळीला उतरणारं विमान गेलं, ते जाईपर्यंत आम्ही दोघं गप्प. मी चार दिवस वाक्यं जुळवली होती. प्रवाळ, कायदा, पाच-सहा तास, सगळं. प्रत्यक्षात तोंडून एवढंच आलं:

'आज केंडाक हात लावू नको हां.'

तो शंकरपाळी चघळत होता, ती चघळायची थांबली. 'लोकांका फोटो व्हयो आसता, काकी,' तो म्हणाला. 'पैसे देऊन येतत. कायच दिसलां नाय तर म्हणतत, फसवल्यानी.' त्यात उर्मटपणा नव्हता. होतं ते सांगितलं त्यानं. मी मान हलवली, कारण ते खरं होतं. मार्चमध्ये तो केंड नसता तर मीही घरी जाऊन म्हटलं असतं की फार काही दिसलं नाही.

मग मी त्याला रापणीवरचं सांगितलं. लाथेचं, फुटल्याच्या आवाजाचं, आजीचं. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. भाचीला नाही, मुलाला नाही. तो समुद्राकडे पाहत ऐकत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, 'आमी पण तेचो फुटबॉल केलेलो.' आणि थोड्या वेळानं, 'माझो आजो मारायचो आमका.' पुढं काही बोलला नाही. सिलिंडरच्या काट्यावर 200 दिसतायत का ते पाहिलं, माझा पट्टा ओढून घट्ट केला.

त्या दिवशी पाणी गढूळ होतं. हात लांब केला तर बोटं दिसत, त्यापुढं दोन-तीन मीटर, मग नुसती हिरवी भिंत. पण माझे कान मोकळे राहिले आणि श्वास माझा मलाच ऐकू येत होता, संथ. तडतड होतीच. जुन्या जहाजाच्या लोखंडी पट्ट्या अचानक समोर आल्या, त्यांवर शिंपले आणि मऊ शेवाळासारखं काहीतरी इतकं दाट वाढलेलं की लोखंड दिसतच नव्हतं. एका भोकातून वाम डोकं काढून तोंड उघडमीट करत होती. ती धमकावत नसते, श्वास घेत असते, हे आता मला माहीत होतं. छोट्या पट्टेरी माशांचा थवा आमच्या बुडबुड्यांतून गेला. मार्चमध्ये मी हे सगळं पाहिलं असणार, पण डोळ्यांत भरलं होतं ते फक्त हातातलं.

आणि मग पट्टीखाली, वाळूला पोट टेकवून, केंड. तोच की दुसरा, कसं सांगणार? बोटभर लांब, ठिपक्यांचा. एक डोळा आमच्याकडे, दुसरा भलतीकडे फिरत होता. बाजूचे पर इतके जलद हलत होते की नुसतं धुकं दिसत होतं.

माझ्या शेजारून हात पुढं गेला. त्याला कळायच्या आतच गेला असावा, जिन्याच्या अंधारात बटणाकडे जातो तसा. तळवा उघडा, बोटं थोडी वाकलेली. माशापासून वीतभर अंतरावर तो हात थांबला. मी श्वास रोखला, मग आठवण झाली आणि सोडला. बुडबुडे आमच्या दोघांच्या मधून वर गेले. त्या हातानं तर्जनी पुढं काढली, बाकीची बोटं मिटली आणि केंडाकडे नुसतं दाखवलं.

केंड थोडा वेळ तसाच होता. मग पर हलवत, आहे तेवढाच बारीक, पट्टीच्या पलीकडे गेला.